वाचक विचारतात : आधी घासणी, मग जंतुनाशक

अन्नपदार्थांची यंत्रे, भांडी आणि वेष्टने जंतुमुक्त ठेवण्याविषयी आम्ही वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांत लहान उद्योजक आहेत, कारखान्यांत धुलाईचे काम करणारे कामगार आहेत आणि बाजारातून आणलेल्या पाकिटांचे काय करावे अशा विवंचनेत पडलेले गृहस्थही आहेत. एकसारख्या प्रश्नांचे एकत्रीकरण करून त्यांतील निवडक प्रश्न उत्तरांसह येथे देत आहोत. उत्तरे देणाऱ्या तज्ज्ञांनी दुग्ध आणि पेय उद्योगांतील स्वच्छतेचे काम अनेक वर्षे जवळून पाहिले आहे.

प्रश्न : आमचा फळांचा रस बाटल्यांत भरण्याचा लहान उद्योग आहे. रोज काम संपल्यावर टाक्या, नळ्या आणि भरणयंत्र आम्ही क्लोरीनच्या द्रावणाने धुतो. तरीही काही बाटल्या आठ-दहा दिवसांत आंबतात आणि फुगतात. क्लोरीनचे प्रमाण दुप्पट करून पाहिले, पण फरक पडला नाही. याहून जालीम रसायन कोणते वापरावे?

उत्तर : आपल्या पत्रातील ‘क्लोरीनच्या द्रावणाने धुतो’ या शब्दांतच दुखण्याचे मूळ असावे, असे मला वाटते. क्लोरीनचे द्रावण हे धुण्याचे साधन नाही. मळ काढणे हे एक काम आहे आणि मळ निघून गेलेल्या पृष्ठभागावर उरलेले जंतू मारणे हे दुसरे. पहिले काम डिटर्जंट, गरम पाणी, ब्रश आणि वेळ यांचे आहे, तर जंतुनाशक द्रावण फक्त दुसऱ्या कामासाठी असते. पहिले झालेलेच नसेल, तर दुसऱ्याला हात घालण्यात अर्थ नाही. क्लोरीन अत्यंत क्रियाशील असल्यामुळे समोर येणाऱ्या प्रत्येक सेंद्रिय पदार्थाशी त्याची प्रक्रिया होते. रसातील गर, साखर आणि प्रथिने त्याच्या वाटेत आली की ते त्यांच्यावरच खर्ची पडते आणि खाली लपलेल्या किण्वपेशींपर्यंत, म्हणजे यीस्टपर्यंत, पोहोचेतो त्यात काही दम उरत नाही. मळकट यंत्रात दुप्पट क्लोरीन ओतल्याने फार तर मळाचा रंग उडतो.

यामागचे गणितही पाहण्याजोगे आहे. अन्नाशी संपर्क येणाऱ्या पृष्ठभागांवरील चांगल्या जंतुनाशकाने प्रयोगशाळेतील चाचणीत जंतूंची संख्या एक लाखांशावर आणावी, म्हणजे ९९.९९९ टक्के जंतू मारावेत, अशी अपेक्षा असते. नीट धुतलेल्या पृष्ठभागावर दहा हजार जंतू असतील, तर या हिशेबाने एकही उरणार नाही. नीट न धुतलेल्या रबरी गॅस्केटखाली (जोडात बसवलेल्या कडीखाली) दहा कोटी जंतू असतील, तर त्याच हिशेबाने एक हजार उरतील. अनुकूल तापमानात अनेक जीवाणू वीस-तीस मिनिटांत दुप्पट होतात, म्हणजे या हजारांचे दहा लाख व्हायला चार-पाच तास पुरतात. किण्वपेशी त्यांच्याहून सावकाश वाढतात, पण आपल्या बाटलीत त्यांच्या हाताशी काही दिवस असतात. बरे, ९९.९९९ हा आकडाही स्वच्छ आणि गुळगुळीत पृष्ठभागावरचा. गराच्या थराखाली तो लागू होत नाही.

तेव्हा रसायन बदलण्याआधी पाना हातात घ्या आणि यंत्र उघडा. भरणयंत्राच्या तोट्या, पंपाचे सील, झडपांची आतली बाजू, नळ्यांच्या जोडांतील गॅस्केट आणि जेथे प्रवाह पोहोचत नाही असे नळीचे आंधळे फाटे या पाच जागा आधी तपासा. मूळ नळीच्या व्यासाच्या दीडपट ते दुपटीहून लांब फाटा असेल, तर तेथे पाणी फिरत नाही, नुसते साचते. एका दुग्धप्रकल्पात असाच आंबूसपणा महिनाभर पिच्छा पुरवत होता. त्या काळात तीन कंपन्यांची तीन जंतुनाशके वापरून झाली. शेवटी एका कामगाराने एका जोडातील चिरलेले गॅस्केट काढून हुंगले आणि न बोलता माझ्यापुढे धरले. त्या वासानंतर प्रयोगशाळेच्या अहवालाची गरज उरली नव्हती. गॅस्केट बदलल्यावर जुन्याच जंतुनाशकाने काम भागले.

धुण्याचा क्रम असा ठेवावा : प्रथम कोमट पाण्याने सगळा सैल मळ वाहून जाऊ द्यावा. येथे एकदम कढत पाणी घेऊ नये, कारण प्रथिने उष्णतेने गोठून पृष्ठभागाला घट्ट चिकटतात. त्यानंतर अल्कली असलेले डिटर्जंट फिरवावे. मोठ्या प्रकल्पांत यासाठी एक ते दोन टक्के कॉस्टिक सोडा ७० ते ८० अंश सेल्सिअसला वापरतात आणि नळ्यांतील वेग सेकंदाला सुमारे दीड मीटर राखतात, कारण तेवढ्या वेगाशिवाय भिंतीवरचा थर ओरबाडला जात नाही. मग पाणी, अधूनमधून खनिजांचा पांढरा थर काढण्यासाठी आम्ल, पुन्हा पाणी, डोळ्यांनी तपासणी आणि सर्वांत शेवटी जंतुनाशक. जर्मन रसायनतज्ज्ञ हर्बर्ट सिनर यांनी १९५९ मध्ये धुलाईचे चार घटक सांगितले : रसायन, तापमान, घासणी आणि वेळ. यांतील एक कमी केला, तर दुसरा वाढवावा लागतो. लहान उद्योगात पाणी थंड आणि वेळ थोडा असतो, म्हणून सगळा भार रसायनावर पडतो. तेथे घासणी वाढवणे हाच स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे.

यंत्राची बनावट उष्णता सोसणारी असेल, तर शेवटच्या टप्प्यात रसायनाऐवजी गरम पाणी वापरण्याचाही विचार करा. पृष्ठभागाचे तापमान ७७ अंशांच्या वर किमान ३० सेकंद राहिले, तर बहुतेक साधे जीवाणू आणि किण्वपेशी टिकत नाहीत. मोठ्या यंत्राला तेवढे तापायलाच बरीच मिनिटे लागतात, हे मात्र गृहीत धरावे. द्रावण जेथे शिरत नाही अशा फटींत उष्णता धातूतून पोहोचते, हा तिचा मोठा गुण आहे.

प्रश्न : डब्यावर ‘५ टक्के उपलब्ध क्लोरीन’ असे लिहिले आहे आणि सूचनेत ‘१०० पीपीएम वापरावे’ असे सांगितले आहे. हिशेब कसा करायचा?

उत्तर : पीपीएम म्हणजे दहा लाख भागांतील एक भाग, पाण्याच्या द्रावणात एका लिटरला एक मिलिग्रॅम असे धरले तरी चालते. एक टक्का म्हणजे दहा हजार पीपीएम, म्हणून पाच टक्क्यांचे ब्लीच ५०,००० पीपीएमचे झाले. त्याचे १०० पीपीएम द्रावण करायचे, तर ५०० पट पातळ करावे लागेल, म्हणजे दहा लिटर पाण्याला २० मिलिलिटर. दोनशे पीपीएम हवे असल्यास ४० मिलिलिटर. अन्नाशी संपर्क येणाऱ्या पृष्ठभागांसाठी ५० ते २०० पीपीएम ही प्रचलित मर्यादा आहे.

हा झाला कागदावरचा हिशेब. ब्लीच डब्यातही स्वस्थ बसत नाही. उष्णता आणि उजेड यांमुळे त्यातील क्लोरीन सतत कमी होत असते. चार-सहा महिने उन्हाजवळ राहिलेल्या डब्यावर पाच टक्के लिहिलेले असले, तरी आत तेवढे असेलच असे नाही. म्हणून मोजून ओतल्यावर कागदी चाचणीपट्टी बुडवून प्रत्यक्ष तीव्रता पाहावी. द्रावण रोज ताजे करावे आणि वापरता वापरता गढूळ झाल्यास दिवस संपण्याची वाट न पाहता ओतून द्यावे.

पाण्याचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचे माप (आकडा जितका लहान, तितके आम्ल अधिक), ही आणखी एक दुर्लक्षित बाब आहे. क्लोरीनचे जंतुनाशक रूप म्हणजे हायपोक्लोरस आम्ल. पीएच ६.५ ला सुमारे नव्वद टक्के क्लोरीन या रूपात असते, ७.५ ला निम्मे आणि ८.५ ला जेमतेम दहा टक्के. उरलेले हायपोक्लोराइटच्या रूपात असते आणि जंतू मारण्यात ते फारच मंद असते. चाचणीपट्टी दोन्ही रूपे एकत्र मोजते, त्यामुळे १०० पीपीएम दाखवणारी दोन द्रावणे प्रत्यक्षात फार वेगळी असू शकतात. पीएच उतरवण्यासाठी ब्लीच आणि आम्ल एकत्र ओतण्याचा मोह मात्र कोणीही धरू नये. पीएच फार उतरला की विषारी क्लोरीन वायू सुटतो. पीएच साधणे हे मोजून मात्रा सोडणाऱ्या यंत्रणेचे आणि प्रशिक्षित माणसाचे काम आहे. आपल्या हाती संपर्ककाळ वाढवणे आणि पृष्ठभाग अधिक स्वच्छ ठेवणे, हे दोन मार्ग आहेत.

प्रश्न : क्लोरीन, क्वाट, पेरासेटिक आम्ल, आयोडीन, अल्कोहोल अशी अनेक नावे विक्रेते सांगतात. यांतील सर्वांत चांगले कोणते?

उत्तर : मळ कोणता, पृष्ठभाग कोणता, पाणी कसे आणि जंतू कोणते, या चार गोष्टी कळल्याशिवाय या प्रश्नाला उत्तर नाही. प्रत्येकाचा स्वभाव मात्र सांगता येतो.

क्लोरीन हे सर्वांत जुने. १८२० च्या दशकात पॅरिसमध्ये जनावरांच्या आतड्यांपासून तात बनवणाऱ्या कार्यशाळांतील असह्य दुर्गंधी घालवण्यासाठी लाबाराक नावाच्या औषधनिर्मात्याने क्लोरीनयुक्त द्रावणे वापरली. पुढे १८४७ मध्ये व्हिएन्नात सेमेलवाइस या डॉक्टरांनी प्रसूतिकक्षातील डॉक्टरांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुवायला लावले. जंतूंचा सिद्धांत मान्य होण्याआधीच हे रसायन कामाला लागले होते, ही गोष्ट मला नेहमी गमतीची वाटते. ते स्वस्त आहे, थंड पाण्यातही चालते आणि जीवाणू, विषाणू, बुरशी अशा सर्वांवर परिणाम करते. मळापुढे मात्र ते लगेच हार मानते आणि जास्त वेळ राहिल्यास स्टेनलेस स्टीललाही बारीक खड्डे पाडते. ‘स्टेनलेस’ या शब्दावर विसंबून रात्रभर टाकीत क्लोरीनचे पाणी ठेवणाऱ्यांना याचा अनुभव असेल.

क्वाट, म्हणजे चतुष्क अमोनियम संयुगे, १९३५ मध्ये गेरहार्ड डोमाक यांच्या संशोधनामुळे जंतुनाशक म्हणून पुढे आली. याच डोमाक यांना पुढे सल्फा औषधाच्या शोधासाठी १९३९ चे नोबेल पारितोषिक जाहीर झाले. क्वाटला वास जवळजवळ नसतो, ते धातू गंजवत नाही, त्वचेला क्लोरीनइतके झोंबत नाही आणि पृष्ठभागावर पातळ थर सोडून काही काळ परिणाम टिकवते. सामान्यतः २०० ते ४०० पीपीएम वापरतात. त्याची खोड अशी की बहुतेक साबण आणि डिटर्जंट ऋण प्रभाराचे असतात, तर क्वाट धन प्रभाराचे. दोघे भेटले की एकमेकांना निष्प्रभ करतात. डिटर्जंट नीट खळबळून न काढता वर क्वाट फवारले, तर ते वाया गेले असे समजावे. काही क्वाट कठीण पाण्यातही मंदावतात. शिवाय सुती फडके क्वाट शोषून घेते, त्यामुळे बादलीत फडके बुडवून ठेवले की द्रावणाची तीव्रता गुपचूप घसरत जाते.

पेरासेटिक आम्लाला झोंबणारा, व्हिनेगरची आठवण देणारा वास असतो आणि बंद खोलीत तो सहन होत नाही. मात्र विघटन झाल्यावर त्यातून ॲसेटिक आम्ल, पाणी आणि ऑक्सिजन एवढेच उरते. थंडगार पृष्ठभागावरही ते काम करते, म्हणून शीतगृहे आणि बंद नळ्यांची धुलाई यांत त्याला मान आहे. पुरेशी तीव्रता आणि ऊब मिळाल्यास ते बीजाणू, म्हणजे जीवाणूंची टणक, सुप्त रूपे, हीसुद्धा मारते. अल्कोहोल आणि क्वाट यांना ते जमत नाही. तांबे, पितळ आणि साधे लोखंड मात्र त्याच्यापासून दूर ठेवावे.

आयोडोफोर, म्हणजे आयोडीनयुक्त जंतुनाशक, १२.५ ते २५ पीपीएम एवढ्या थोड्या प्रमाणात चालते. रंग फिका पडला की जोर संपला, हे डोळ्यांना दिसते. परंतु ते प्लास्टिकवर डाग पाडते आणि पन्नास अंशांच्या आसपास त्यातून आयोडीनची वाफ सुटते. जेथे पाण्याचा थेंबही नको, अशा भुकटीच्या किंवा बेकरीच्या कोरड्या विभागात सत्तर टक्के अल्कोहोल उपयोगी पडते. शुद्ध अल्कोहोलपेक्षा पाणी मिसळलेले अल्कोहोल अधिक परिणामकारक असते, कारण प्रथिनांची रचना मोडण्यासाठी पाण्याची गरज लागते. ते ज्वालाग्राही आहे, याचा विसर तापलेल्या यंत्राजवळ पडू नये.

निवड करावीच लागली, तर रोजच्या उघड्या पृष्ठभागांसाठी क्वाट किंवा क्लोरीन आणि बंद यंत्रणेसाठी पेरासेटिक आम्ल, असा माझा कल असतो.

प्रश्न : यंत्रे धुता येतात, पण वेष्टनांचे काय? बाटल्या, झाकणे आणि प्लास्टिकच्या पिशव्या जंतुनाशकात बुडवून काढाव्यात का? दुधाचे खोके महिनोन्‌महिने शीतकपाटाबाहेर टिकतात, त्यांना काय केलेले असते?

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण ती गोष्ट मोठी रंजक आहे. दूध १३५ अंशांहून अधिक तापमानाला काही सेकंद तापवून निर्जंतुक करता येते, हे माहीत होते. अडचण अशी होती की असे दूध ज्या खोक्यात ओतायचे, तो कागदी खोका वाफेत उकळता येत नाही. त्यावर हायड्रोजन पेरॉक्साइडचा उपाय निघाला. टेट्रा पाक या स्वीडिश कंपनीने १९६१ मध्ये असे निर्जंतुक भरणाचे यंत्र बाजारात आणले. आज प्रचलित असलेल्या पद्धतीत कागद, पॉलिथिलीन आणि ॲल्युमिनिअमच्या पातळ पत्र्याचे थर असलेला पट्टा सुमारे ३५ टक्के तीव्रतेच्या गरम पेरॉक्साइडमधून जातो, रूळ त्यावरचे द्रावण पिळून काढतात, गरम निर्जंतुक हवा उरलेला अंश उडवते, आणि मग निर्जंतुक हवेच्या बंद कक्षातच पट्ट्याचा खोका होतो, भरला जातो आणि मिटतो. येथे उष्णता आणि रसायन दोन्ही लागतात. खोलीच्या तापमानाला हेच पेरॉक्साइड बीजाणूंना मारायला फार वेळ घेते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९८१ मध्ये या वापराला मान्यता दिली. भरणानंतर लगेच वेष्टनात मोजता येणारे पेरॉक्साइड ०.५ पीपीएमपेक्षा जास्त असू नये, अशी तेथील अट आहे. म्हणजे पस्तीस टक्क्यांपासून, अर्थात साडेतीन लाख पीपीएमपासून, अर्ध्या पीपीएमपर्यंत उतरायचे आणि तेही काही सेकंदांत. या तंत्रातील खरी करामत रसायन लावण्यापेक्षा ते काढून टाकण्यात आहे.

आपल्या उद्योगाला हे लागू होत नाही, पण त्यातील तत्त्व लागू होते. वेष्टनावर जे लावाल, ते काढून टाकण्याची सोय आधी असली पाहिजे. बाटली जंतुनाशकात बुडवून, तळाशी चमचाभर द्रावण तसेच ठेवून वर रस भरणे म्हणजे रोगापेक्षा औषध भारी. नव्या प्लास्टिकच्या बाटल्या आणि पिशव्या वितळलेल्या किंवा तापवलेल्या प्लास्टिकपासून बनतात, त्यामुळे यंत्रातून बाहेर पडताना त्यांच्यावर जंतू फारच थोडे असतात. ते नंतर येतात : फाटलेल्या खोक्यातून, धुळीतून, ओल्या जमिनीवरून आणि हातांवरून. पिशवी उघडण्यासाठी बोटाला थुंकी लावणे किंवा आत फुंकर मारणे, ही सवय कोणत्याही रसायनाने भरून निघणारी नाही. म्हणून पिशव्या आणि पट्ट्यांची गुंडाळी धुऊ नये. त्या बंद, कोरड्या जागी जमिनीपासून उंचावर ठेवाव्यात आणि लागतील तेवढ्याच काढाव्यात.

बाटल्या उलट्या धरून आतून स्वच्छ पाण्याचा किंवा सौम्य जंतुनाशकाचा फवारा द्यावा आणि पूर्ण निथळू द्याव्यात. परत येणाऱ्या काचेच्या बाटल्यांची गोष्ट वेगळी. त्यांना गरम कॉस्टिक सोड्याची धुलाई आणि प्रत्येक बाटलीची उजेडासमोर तपासणी हवीच. रस ८५ ते ९५ अंशांना गरम भरण्याची सोय असेल, तर रसाची उष्णताच बाटली निर्जंतुक करते. बंद केल्यावर बाटली थोडा वेळ आडवी किंवा उलटी केली की झाकणाची आतली बाजूही त्यात येते. मात्र साधे पीईटी, म्हणजे पेयाच्या बाटल्यांचे नेहमीचे प्लास्टिक, सत्तर-ऐंशी अंशांना मऊ पडून आक्रसते, त्यासाठी उष्णता सोसणाऱ्या खास बाटल्या लागतात. झाकणांकडे तर बहुतेकांचे लक्षच नसते. बाटली तीनदा धुतात आणि झाकणे दिवसभर उघड्या घमेल्यात पडलेली असतात.

प्रश्न : जंतुनाशक लावल्यावर पुन्हा पाण्याने धुवावे का? कोणी हो म्हणतात, कोणी नाही.

उत्तर : दोघांचेही आपापल्या जागी बरोबर आहे. अन्नाशी संपर्क येणाऱ्या पृष्ठभागासाठी मान्यता असलेले आणि ठरलेल्या मर्यादेत पातळ केलेले द्रावण अनेक ठिकाणी न धुता निथळू देण्यास परवानगी असते. यामागचे कारण व्यवहार्य आहे : शेवटचे पाणी अशुद्ध असले, तर मारलेले जंतू आपणच परत आणून बसवतो. परंतु मर्यादा ओलांडली, लेबलावर धुण्याची सूचना असली किंवा स्थानिक नियम तसा असला, तर पिण्यायोग्य पाण्याने धुतलेच पाहिजे. प्रमाण वाढवले म्हणजे अधिक सुरक्षित, ही समजूत येथे उलटते.

क्वाटचा थर टिकाऊ असतो, हा त्याचा गुणही आणि दोषही. युरोपीय संघाने २०१४ मध्ये बेंझाल्कोनियम क्लोराइड हे क्वाट आणि त्याच वर्गातील आणखी एका संयुगासाठी अन्नातील अवशेषाची मर्यादा किलोला ०.१ मिलिग्रॅम ठरवली. विरजणाच्या टाकीत क्वाट राहिले, तर विरजणाचे उपयुक्त जीवाणूही मंदावतात. दूध नीट जमत नाही आणि दोष विरजणाला दिला जातो. क्लोरीनच्या बाबतीत जुन्या ब्लीचमध्ये तयार होणारे क्लोरेट ही चिंतेची बाब आहे, कारण ते थायरॉइड ग्रंथीला आयोडीन घेऊ देत नाही. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने क्लोरेटचे मार्गदर्शक मूल्य लिटरला ०.७ मिलिग्रॅम ठेवले आहे.

धुतले किंवा न धुतले, तरी वाळू देणे अपरिहार्य आहे. फडक्याने पुसून वाळवू नये. भांडी उलटी, एकमेकांत न बसवता हवेवर वाळवावीत. ओलावा राहिला की उरलेसुरले जंतू पुन्हा डोके वर काढतात.

प्रश्न : एकच जंतुनाशक सतत वापरल्याने जंतूंना त्याची सवय होते, म्हणून दर आठवड्याला रसायन बदलावे, असे आम्हाला सांगितले गेले. हे खरे आहे का?

उत्तर : अर्धे खरे आहे. लिस्टेरियासारख्या काही जीवाणूंत क्वाट पेशीबाहेर फेकणाऱ्या पंपांची जनुके आढळतात. पण त्यांमुळे मिळणारी सूट वापरातील दोनशे पीपीएमच्या मानाने फार लहान असते. ती कामी येते, ती गटारीच्या कडेला, जमिनीच्या भेगांत, जेथे धुवून गेलेले जंतुनाशक अगदी पातळ होऊन साचते. तेथे जंतूंना मारायला कमी आणि सरावायला पुरेसे, असे प्रमाण सतत मिळत राहते.

खरा टणकपणा येतो, तो जीवाणू चिकट आवरण स्रवून थर करून राहतात तेव्हा. या थराला बायोफिल्म म्हणतात. घासल्याशिवाय तो सुटत नाही आणि त्याच्या खालच्या पेशींपर्यंत द्रावण पुरेसे पोहोचत नाही. लिस्टेरिया शीतकपाटाच्या तापमानातही वाढतो, म्हणून थंड विभागातील यंत्रांवर त्याचे विशेष फावते. कॅनडात २००८ मध्ये शिजवलेल्या मांसाच्या पदार्थांतून लिस्टेरियाची साथ पसरली आणि वीसहून अधिक माणसे दगावली. नित्याची सफाई होत असूनही मांस कापणाऱ्या यंत्रांच्या आत खोलवर साचलेले अवशेष हा त्याचा सर्वांत संभाव्य उगम ठरला.

तेव्हा अधूनमधून क्वाटऐवजी पेरासेटिक आम्लासारखे ऑक्सिडीकारक वापरण्यास माझी हरकत नाही. पण दर आठवड्याला डबे बदलत बसण्यापेक्षा तेवढा वेळ यंत्र सुटे करण्यात घालवलेला बरा.

प्रश्न : धुलाई नीट झाली, हे कशावरून ओळखावे? प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत माल निघून गेलेला असतो.

उत्तर : पहिली चाचणी डोळे, बोट आणि नाक यांची. विजेरी तिरकी धरून पाहावे, हातमोजा घातलेल्या बोटाने पृष्ठभाग चाचपावा. बुळबुळीत लागला तर पुन्हा धुवावे. जी जागा डोळ्यांना अस्वच्छ दिसते, तिचा स्वॅब, म्हणजे बोळ्याने पुसून घेतलेला नमुना, घेण्यात पैसे घालवू नयेत.

दुसरी चाचणी एटीपीची. एटीपी हे सजीव पेशींत असणारे ऊर्जेचे रसायन. काजव्याला उजेड देणारे विकरच या चाचणीत वापरतात. पृष्ठभागावर सजीवांचा किंवा अन्नाचा अंश असेल, तर त्यातील एटीपीमुळे प्रकाश पडतो आणि लहानसे यंत्र मिनिटाच्या आत आकडा दाखवते. हा आकडा जंतूंचा नसतो, मळाचा असतो. ही चाचणी धुलाईनंतर आणि जंतुनाशकापूर्वी करावी, कारण काही जंतुनाशके या प्रकाशात ढवळाढवळ करतात.

तिसरी चाचणी जंतूंच्या वाढीची. तिला एक-दोन दिवस लागतात, म्हणून आजचा माल रोखण्यासाठी तिचा उपयोग नाही. ती महिन्यांची वाटचाल पाहण्यासाठी आहे. येथे एक चूक वारंवार होते. स्वॅबवर जंतुनाशकाचा अंश राहिला, तर तो प्रयोगशाळेपर्यंतच्या वाटेत जंतू मारत राहतो आणि अहवाल खोटा ‘स्वच्छ’ येतो. म्हणून स्वॅबच्या द्रवात निष्प्रभ करणारा पदार्थ असावा : क्लोरीनसाठी सोडिअम थायोसल्फेट, क्वाटसाठी लेसिथिन आणि पॉलिसॉर्बेट. सलग अनेक महिने शून्यच शून्य येत असेल, तर आनंद मानण्याआधी स्वॅब कोण, कोठून आणि कसा घेतो ते पाहावे.

प्रश्न : बाजारातून आणलेली अन्नाची पाकिटे घरी सॅनिटायझरने किंवा ब्लीचच्या पाण्याने पुसावीत का?

उत्तर : गरज नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांनी २०२० मध्येच सांगितले होते की, अन्नातून किंवा त्याच्या वेष्टनातून कोविडची लागण होण्याची शक्यता अत्यल्प आहे. त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेत ५०२ प्रौढांच्या पाहणीत सुमारे १९ टक्के लोकांनी फळे, भाज्या असे खाद्यपदार्थच ब्लीचने धुतल्याचे सांगितले. तो धोका विषाणूपेक्षा निश्चित मोठा होता. पाकीट मळले असेल तर ओल्या फडक्याने पुसा, डब्याचे झाकण उघडण्यापूर्वी धुवा आणि हात साबणाने धुवा.

प्रश्न : मी धुलाई विभागात कामगार आहे. वेळ वाचवण्यासाठी आम्हाला आम्ल आणि ब्लीच एकाच टाकीत, एकापाठोपाठ ओतायला सांगतात. खोकला येतो, पण ‘रसायनाचा वास असतोच’ असे उत्तर मिळते.

उत्तर : हे आजच थांबले पाहिजे. ब्लीच आणि आम्ल एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्र येथे पहिल्या महायुद्धात सैनिकांवर सोडला गेला, तो हाच वायू. ब्लीचमध्ये अमोनिया असलेले द्रव्य मिसळले, तर क्लोरामाइनचे विषारी वायू निघतात. ब्लीच आणि पेरासेटिक आम्ल यांची गाठही घालू नये. दोन रसायनांच्या मध्ये नुसत्या पाण्याचा पूर्ण फेरा झालाच पाहिजे, शेवटच्या नळीतून निघणारे पाणी पीएचच्या कागदावर साध्या पाण्यासारखे दिसले पाहिजे आणि तोवर दुसरा डबा उघडता कामा नये. वेगवेगळ्या रसायनांची मापेसुद्धा वेगळी ठेवावीत.

आम्ल नेहमी पाण्यात ओतावे, पाणी आम्लात नव्हे. उरलेले द्रावण पुन्हा मूळ डब्यात टाकू नये. पेरासेटिक आम्लाच्या डब्याचे झाकण वायू बाहेर सोडणारे असते. ते हरवले म्हणून दुसरे घट्ट झाकण लावल्यास डबा फुगून फुटू शकतो. पाण्याच्या किंवा पेयाच्या रिकाम्या बाटलीत रसायन काढून ठेवू नये, अगदी पाच मिनिटांसाठीही. हातमोजे, डोळ्यांना पूर्ण झाकणारा चष्मा आणि खेळती हवा या गोष्टी मालकाने पुरवायच्या आहेत. थेंब डोळ्यांत गेला, तर पापण्या उघड्या धरून किमान पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याखाली डोळा धुवावा आणि डब्यावरील लेबल सोबत घेऊन डॉक्टरांकडे जावे.

आपल्याला आत्ताच खोकला आणि छातीत आवळल्यासारखे होत असेल, तर मोकळ्या हवेत जाऊन लगेच वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. क्लोरीनचा फुप्फुसांवरील परिणाम काही तासांनी वाढू शकतो, हे तेथील डॉक्टरांना आणि आपल्या पर्यवेक्षकांना, दोघांनाही सांगावे.